पिटबुल, अ‍ॅमस्टाफ, स्टॅफी, बुली : पुण्यात मला रोज विचारले जाणारे प्रश्न

धायरीच्या बाजूला मी कुत्र्यांचं छोटं बोर्डिंग चालवते आणि त्यांना शिकवायलाही घरोघर जाते. गेल्या काही वर्षांत रुंद डोक्याचा, आखूड केसांचा कुठलाही कुत्रा समोर आला की लोक दोन पावलं मागे सरतात आणि विचारतात, "ताई, पिटबुल का?" दहातल्या आठ वेळा उत्तर "नाही" असतं. उरलेल्या दोन वेळा "सांगता येत नाही". तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते.

पिटबुल ही एक जात आहे की अनेक?

दोन्ही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. 'अमेरिकन पिटबुल टेरियर' नावाची एक ठरावीक जात आहे. तिची उंची, वजन, ठेवण कशी हवी याचा नियम लिहिलेला आहे, वंशावळ ठेवली जाते. पण बोलताना 'पिटबुल' हा शब्द आपण पोतं भरल्यासारखा वापरतो. त्या पोत्यात अमेरिकन पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर म्हणजे अ‍ॅमस्टाफ, इंग्लंडचा स्टॅफर्डशायर बुल टेरियर म्हणजे स्टॅफी आणि अलीकडचा अमेरिकन बुली असे चार जण असतात. बुल टेरियरलाही बरेच जण त्यातच कोंबतात. शिवाय ज्यांचे आईबाप कोणालाच माहीत नाहीत असे असंख्य मिश्र कुत्रे. बातमीत 'पिटबुल चावला' असं वाचलं की यातला नेमका कोण, हे बातमीदारालाही बहुधा माहीत नसतं.

पण ही सगळी नात्यातलीच ना?

हो, भाऊबंदच. इंग्लंडमध्ये बैलाला खांबाला बांधून त्याच्यावर बुलडॉग सोडायचा खेळ चालायचा. १८३५ साली कायद्याने तो बंद झाला. शौकीन लोक मग उंदीर मारण्याच्या पैजा आणि कुत्र्यांच्या झुंजी यांकडे वळले, कारण त्या तळघरात, दारूच्या गुत्त्यामागे लपवता येतात. त्यासाठी जुन्या बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चपळाई हवी होती. दोघांच्या संकरातून जो कुत्रा आला त्याला 'बुल अँड टेरियर' म्हणत. तो बुलडॉग आजच्या चपट्या नाकाच्या, धापा टाकणाऱ्या बुलडॉगसारखा नव्हता. उंच पायांचा, काटक होता.

या संकराचे जे वंशज इंग्लंडातच राहिले ते स्टॅफी झाले. एकोणिसाव्या शतकात स्थलांतरितांबरोबर जे अमेरिकेला गेले ते तिथे थोडे उंच आणि वजनदार झाले. शेतावर डुकरं धरायला, गुरं आवरायला आणि दुर्दैवाने झुंजीलाही ते वापरले गेले. 'पिट' म्हणजे झुंजीचा हौद. नावातच इतिहास अडकलेला आहे, तो लपवून काही उपयोग नाही.

अमेरिकन पिटबुल टेरियर आणि अ‍ॅमस्टाफ यांत नक्की फरक काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर कुत्र्यात कमी आणि कागदात जास्त आहे.

१८९८ साली अमेरिकेत चॉन्सी बेनेट नावाच्या गृहस्थांनी युनायटेड केनेल क्लब, म्हणजे यूकेसी, काढला. पहिली नोंद त्यांनी स्वतःच्याच कुत्र्याची केली आणि जात लिहिली पिटबुल टेरियर. अमेरिकेतला दुसरा, जास्त प्रतिष्ठेचा क्लब म्हणजे अमेरिकन केनेल क्लब, एकेसी. त्यांना झुंजीचा वास असलेलं नाव नको होतं. १९३६ मध्ये त्यांनी याच कुत्र्यांना दारातून आत घेतलं, पण 'स्टॅफर्डशायर टेरियर' या नावाने. मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन कोल्बी या जुन्या ब्रीडरच्या 'प्रायमो' नावाच्या कुत्र्याला नमुना मानून नियम लिहिला गेला. पुढे इंग्लंडच्या स्टॅफीलाही मान्यता द्यायची वेळ आली, तेव्हा दोघांत गोंधळ नको म्हणून १९७२ मध्ये आपल्याकडच्या कुत्र्याच्या नावापुढे त्यांनी 'अमेरिकन' जोडलं.

म्हणजे सुरुवातीला कुत्रा एकच आणि आडनावं दोन. एकच कुत्रा एका क्लबात पिटबुल आणि दुसऱ्यात अ‍ॅमस्टाफ म्हणून नोंदवलेला असे. पण त्यानंतर नव्वद वर्षं अ‍ॅमस्टाफ मुख्यतः शोच्या रिंगणासाठी निवडला गेला आणि पिटबुल वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कामांसाठी. निवड बदलली की कुत्रा बदलतो. आज दोघांना शेजारी उभं केलं तर अ‍ॅमस्टाफ जास्त भरीव दिसतो. छाती रुंद, गालाचे स्नायू ठळक, सगळे कुत्रे एका साच्यातले. नराची उंची १८ ते १९ इंच, वजन साधारण २५ ते ३२ किलो. पिटबुल त्या मानाने सडपातळ आणि पायात लांब, धावपटूसारखा. यूकेसीच्या नियमात नर १८ ते २१ इंच आणि १६ ते २७ किलो. त्यामुळे "आमचा पिटबुल पन्नास किलोचा आहे" असं कोणी कौतुकाने सांगितलं की मी गप्प बसते. पन्नास किलोचा कुत्रा चांगलाच असेल, पण पिटबुल नसेल.

नाकाकडेही बघा. अ‍ॅमस्टाफचं नाक काळं हवं, डोळे गडद हवेत. तपकिरी नाक तिथे दोष धरतात. पिटबुलला नाकाच्या रंगाची अट नाही.

स्टॅफी म्हणजे छोटा पिटबुल का?

दिसायला तसा वाटतो. १४ ते १६ इंच उंची, नर १३ ते १७ किलो, मादी त्याहून थोडी कमी. पण तो वेगळी जात म्हणून १९३५ मध्येच ब्रिटिश केनेल क्लबात नोंदला गेला. डोकं आखूड आणि जाडजूड, गाल भरलेले, तोंड उघडलं की कानापर्यंत हसतोय असं वाटतं. ब्रिटनमध्ये पिटबुलवर १९९१ पासून बंदी आहे, स्टॅफीवर नाही; तिथे तो अगदी घराघरातला कुत्रा आहे.

पुण्यात खरा स्टॅफी मी फारच कमी वेळा पाहिलाय. 'स्टॅफी' म्हणून विकलं जाणारं पिल्लू बहुतेकदा पॉकेट बुली निघतं.

मग हा पॉकेट बुली, एक्सएल बुली काय प्रकार आहे?

अमेरिकन बुली ही या घराण्यातली धाकटी पाती. १९८० आणि ९० च्या दशकांत अमेरिकेत काही ब्रीडरांनी पिटबुल-अ‍ॅमस्टाफ घेऊन, त्यात बुलडॉगच्या वेगवेगळ्या जातींचं रक्त मिसळून, रुंद आणि बुटका, 'दिसायला दणकट पण घरात शांत' असा कुत्रा घडवायला घेतला. २००४ मध्ये त्यांचा स्वतंत्र क्लब झाला आणि २०१३ मध्ये यूकेसीने मान्यता दिली. पॉकेट, स्टँडर्ड, क्लासिक, एक्सएल हे त्यातले आकार. पॉकेटचा नर १७ इंचांच्या आत, एक्सएलचा २० च्या वर.

ओळखायला सोपा आहे. समोरून बघितलं तर पाय दोन कोपऱ्यांत आणि मधे छाती, पाटा ठेवल्यासारखा. चालताना डुलतो. पिटबुल डुलत नाही.

इन्स्टाग्रामवर ज्यांचे पाय वाकडे झालेत, कोपर बाहेर आलेत आणि नाक आत गेलंय असे बुली 'एक्झॉटिक' म्हणून दाखवतात. त्यांना धड जिना चढता येत नाही. असं पिल्लू दीड-दोन लाखांना घेऊन आलेले एक दादा माझ्याकडे शिकवणीला आले होते. मी त्यांना शिकवणीऐवजी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

ब्रिटिश सरकारने इंग्लंड-वेल्समध्ये ३१ डिसेंबर २०२३ पासून एक्सएल बुलीची विक्री आणि पैदास बंद केली आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय तो पाळणं गुन्हा ठरवलं. तिथे वंशावळ बघत नाहीत, मोजपट्टी लावतात: नर २० इंच किंवा जास्त, मादी १९ इंच किंवा जास्त, शिवाय ठेवण जुळली पाहिजे.

शेजारच्या काकांचा पांढरा, लांबट तोंडाचा, बारीक डोळ्यांचा कुत्रा आहे. तोही पिटबुल?

नाही, तो बुल टेरियर. बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी १८६० च्या सुमारास बुल अँड टेरियरमधूनच तो तयार केला. कपाळापासून नाकापर्यंत अंड्यासारखा एकसंध उतार आणि त्रिकोणी डोळे अशी दुसरी जात नाही, त्यामुळे याला ओळखताना चूक व्हायला नको. तरी होते. स्वभावाने हट्टी आणि विनोदी. शेपटीमागे गोल गोल फिरण्याचं वेड काहींना लागतं. लोक व्हिडिओ काढतात, पण तो आजार असू शकतो.

पाकिस्तानी बुली, डोगो, केन कोर्सो?

यातलं कोणीही पिटबुल नाही. पंजाबकडचा बुली कुत्ता मास्टिफ अंगाचा, कमरेएवढा उंच. 'अमेरिकन बुली'शी त्याचं फक्त नावात साम्य आहे. डोगो अर्जेंटिनो पांढराशुभ्र शिकारी कुत्रा, केन कोर्सो इटलीचा राखणदार. कापलेले कान बघून सगळ्यांना एकाच माळेत ओवलं जातं.

रेड नोज आणि ब्लू नोज या वेगळ्या जाती आहेत ना?

नाहीत हो. 'रेड नोज' हे पिटबुलमधल्या एका जुन्या घराण्याचं नाव होतं. आज मात्र तांबूस नाकाचं कुठलंही पिल्लू त्या नावाने विकतात. 'ब्लू' म्हणजे काळा रंग फिका करणारं जनुक दोन्हीकडून आलं की दिसणारी राखाडी छटा. तिच्यासाठी वीस हजार जास्त देऊ नका. उलट अशा फिक्या रंगाच्या काही कुत्र्यांचे केस झडतात आणि कातडी खराब होते. आणि ठिपके-ठिपके असलेला 'मर्ल पिटबुल' दिसला तर समजा की कुठेतरी दुसऱ्या जातीचं रक्त आलंय. यूकेसी मर्ल रंगाला बादच करते.

ब्रीडर पेपर्स देतोय. मग तर खात्री?

कुठले पेपर्स, ते आधी वाचा. केनेल क्लब ऑफ इंडिया, ज्याला सगळे केसीआय म्हणतात, तो एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेशी जोडलेला आहे. एफसीआयच्या यादीत अ‍ॅमस्टाफ आहे, स्टॅफी आहे, बुल टेरियर आहे. अमेरिकन पिटबुल टेरियर आणि अमेरिकन बुली नाहीत. म्हणून कोणी 'केसीआय पेपरवाला पिटबुल' म्हणाला की मला पूर्वी आपल्या चितळ्यांचं दुकान दुपारी बंद असताना तिथे दोनला रांग लावणारा पाहुणा आठवतो: आत्मविश्वास भरपूर, माहिती शून्य.

माझंच सांगते. बारा वर्षांपूर्वी मीही 'प्युअर अमेरिकन लाइन' म्हणून एक पिल्लू घेतलं, हायवेला गाडीच्या डिकीतून. आईबाप दाखवा म्हटलं तर "ते सांगलीला आहेत". कागद म्हणून एक रंगीत झेरॉक्स. भैरू दोन वर्षांचा झाला तेव्हा २४ इंच उंच, ४३ किलो, गळ्याखाली लोंबती कातडी, आणि मांजराला घाबरणारा. त्यात पिटबुल किती होता, देव जाणे. अकरा वर्षं सुखाने नांदला, पण त्यात त्या विकणाऱ्याचं काही श्रेय नाही.

म्हणून आई प्रत्यक्ष बघा. बाप दुसरीकडे असेल तर व्हिडिओ कॉल लावून बघा. आई अनोळखी माणसाला कशी सामोरी येते त्यावरून पिल्लाबद्दल जितकं कळतं तितकं कुठल्याच झेरॉक्सवरून कळत नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारा. उत्तराआधी जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते.

फोटो पाठवला तर जात सांगाल?

नाही. अंदाज सांगेन, आणि तो चुकायची शक्यता मोठी. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या निवारागृहांत एक अभ्यास झाला. १२० कुत्रे, रोज कुत्रेच बघणारे १६ कर्मचारी, त्यात पशुवैद्यही. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी ६२ कुत्र्यांना 'पिटबुल' म्हटलं. डीएनए तपासला तर त्या घराण्याचा अंश १२० पैकी फक्त २५ जणांत सापडला. हे तिथलं, जिथे हे कुत्रे पिढ्यान्पिढ्या आहेत.

यांचा जबडा लॉक होतो म्हणतात, खरं का?

खोटं. जबड्यात कुलपासारखं काहीही नसतं, हाडंही इतर कुत्र्यांसारखीच. पकडलं की सोडायचं नाही ही जिद्द मात्र त्यांच्यात निवडून आणलेली आहे. दुखापत त्या जिद्दीने होते.

यातला शांत कुठला? आणि खरंच धोकादायक असतात का?

दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण भांडणं त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच होतात. माणसावर धावणं वेगळं आणि दुसऱ्या कुत्र्यावर धावणं वेगळं. या घराण्यात दुसऱ्या कुत्र्याबद्दलची असहिष्णुता पिढ्यान्पिढ्या निवडली गेली. ती प्रत्येकात असेलच असं नाही, पण असू शकते, आणि बहुतेकदा दीड ते तीन वर्षांच्या वयात डोकं वर काढते. सहा महिन्यांचं पिल्लू तळजाईच्या टेकडीवर सगळ्यांशी खेळतं म्हणून मालक निर्धास्त होतात. नेमके तेच मालक दोन वर्षांनी रडत फोन करतात.

माणसांबद्दल म्हणाल तर यूकेसीच्या नियमातच लिहिलंय की हा राखणीला फारसा योग्य नाही, कारण अनोळखी माणसाशीही फार सलगी करतो. स्टॅफी तर पाहुण्याच्या मांडीवरच चढेल. पण कागदावरचा स्वभाव एक आणि पैशासाठी कसेही जुळवलेले, जन्मापासून साखळीला बांधलेले, चिडवून 'तयार' केलेले कुत्रे वेगळे. २०२२ च्या जुलैत लखनऊमध्ये घरच्याच पिटबुलने ८२ वर्षांच्या मालकिणीचा जीव घेतला. 'आमचा बाळ तसा नाही' असं म्हणणाऱ्यांनी ही घटना विसरू नये. सगळ्या पिटबुलांना राक्षस ठरवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे: २०२२ मध्येच 'सायन्स' मासिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला फक्त नऊ टक्के फरक जातीवरून समजतो, असं त्यात निघालं.

माझं मत? चावण्याची शक्यता कुठल्याही कुत्र्यात असते. पामेरियन मला जास्त वेळा चावलेत. पण पामेरियन चावला तर पट्टी लागते आणि तीस किलोचा हा गडी चावला तर टाके लागतात, कधी त्याहून वाईट. म्हणून चुकीला जागा कमी. अमेरिकन बुलीत धावपळीची खुमखुमी सर्वांत कमी, अ‍ॅमस्टाफ मधला, पिटबुलला रोज दोन तास कामाला लावावं लागतं. दोन तास म्हणजे दोन तास; गच्चीत सोडून देणं यात धरत नाहीत.

घरात लहान मूल आहे, चालेल का?

'नॅनी डॉग' म्हणून इंग्लंडमध्ये हे मुलं सांभाळायचे ही गोड कथा सोडून द्या. मूल आणि कुत्रा, कुठलाही कुत्रा, मोठं माणूस नसताना एका खोलीत ठेवू नका. स्वयंपाकघरात दूध बघायला जाताना दोघांपैकी एकाला बरोबर न्या. मी पाहिलेल्या घरगुती चाव्यांपैकी बरेचसे खाण्याच्या वाटीपाशी किंवा झोपलेल्या कुत्र्याला मुलाने मिठी मारताना झालेत.

भारतात यांच्यावर बंदी आहे ना?

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. आधीच पाळलेल्यांची नसबंदी करा असंही त्यात होतं. यादीत पिटबुल टेरियर होता, अ‍ॅमस्टाफ होता, अमेरिकन बुलडॉग आणि रॉटवायलरही. यादी घाईत केलेली दिसत होती: 'तोसा इनू' आणि 'जपानी तोसा' वेगवेगळे लिहिलेले, जे एकच आहेत, आणि एका ठिकाणी नुसतं 'टेरियर्स'. म्हणजे कोथरूडातल्या आजींच्या पर्समध्ये बसणारा यॉर्कशायर टेरियरही हिंस्र!

एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलं म्हणून. त्याच महिन्यात दिल्लीतही ते टिकलं नाही आणि केंद्राने नव्याने हरकती-सूचना मागवल्या. त्यामुळे त्या पत्रकाचा आधार घेऊन "तुमचा कुत्रा बेकायदा आहे" असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. पण काही शहरांनी स्वतःचे नियम केलेत. गाझियाबादने २०२२ मध्ये पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो यांना मनाई केली. बदली होऊन बाहेरगावी जाणार असाल तर ट्रक भरायच्या आधी तिथल्या महापालिकेत विचारा.

पुण्यात पाळीव कुत्र्याचा महापालिकेचा परवाना काढावा लागतो आणि दरवर्षी नवा करावा लागतो. रेबीजच्या लशीचा दाखला लागतो. वाकड, पिंपळे सौदागरवाल्यांची महापालिका वेगळी, हे मी दर महिन्याला कोणाला तरी सांगते. परवान्यावर जात लिहिताना जी खरी माहीत असेल तीच लिहा. माहीत नसेल तर 'मिश्र' लिहा. भाव मारायला 'पिटबुल' लिहिलेलं पुढे तुमच्याच अंगाशी येतं.

आणि कुत्र्याने कोणाला इजा केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे: जनावराबाबत निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तिथे जात कोणी विचारत नाही.

सोसायटीने 'पिटबुल चालणार नाही' असा ठराव केलाय.

जात किंवा आकार बघून पाळीव कुत्र्याला बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायचे वेगळे पैसेही घेता येत नाहीत. प्राणी कल्याण मंडळाची तशी मार्गदर्शक सूचना आहे. हे झालं कायद्याचं. पण अहो, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खरंच घाबरतात. त्यांना परिपत्रक दाखवून काय होणार? लिफ्टमध्ये कोणी असेल तर पुढची लिफ्ट घ्या. पट्टा आखूड धरा. बास्केट मझलची, म्हणजे तोंडाला बांधायच्या जाळीची, सवय लहानपणापासून लावा, ज्यात कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. मझलवाला कुत्रा बघून लोक बिचकतात खरे, पण दोन महिन्यांनी तेच काका "आज बंड्या दिसला नाही?" विचारतात. हे मी स्वतः पाहिलंय, सिंहगड रोडच्या एका अगदी भांडखोर सोसायटीत.

पुण्याची हवा मानवते का?

थंडी-पावसात मजेत असतात, थोडं स्वेटर-बिटर घातलं तर जास्तच. उन्हाळा अवघड. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो तेव्हा सकाळी सातच्या आत फिरवून आणा. पिटबुल थांबा म्हटल्याशिवाय थांबत नाही, खेळता खेळता कोसळतो. बुली न खेळताही कोसळू शकतो, कारण नाक आखूड आणि अंग जड.

आपला खरा शत्रू गोचीड. टेकडीवरून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीचं मूळ तपासायचंच. गोचिडातून येणाऱ्या बाबेसिया नावाच्या परजीवीचा एक प्रकार या घराण्यात जास्त आढळतो. अमेरिकेत तो झुंजीतल्या चाव्यांतूनही पसरल्याचं दिसलं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी गडद झाली, कुत्रा मलूल झाला तर "उद्या बघू" नको. पार्व्हो या विषाणूच्या आजाराबाबतही पिटबुल आणि रॉटवायलर नाजूक समजले जातात, तेव्हा लशी वेळेवर.

गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलांचा सराव सुरू झाला की अंगाने पहिलवान असलेले हे वीर पलंगाखाली जातात. जाऊ द्या.

जातीप्रमाणे आजार वेगळे असतात का?

असतात, आणि जात ठाऊक असण्याचा खरा उपयोग मला इथेच वाटतो. अ‍ॅमस्टाफमध्ये मेंदूच्या तोलाच्या भागाचा एक आनुवंशिक आजार आहे. तीन ते पाच वर्षांपर्यंत कुत्रा ठणठणीत, मग जिना उतरताना अडखळू लागतो. तोवर त्याची पिल्लं झालेली असतात. डीएनए चाचणी उपलब्ध आहे, आईबापांची केली का ते विचारा. स्टॅफीत झटके आणणारा एक चयापचयाचा दोष आणि लहान वयातला मोतीबिंदू, दोन्हींना चाचण्या आहेत. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये बहिरेपणा, शिवाय मूत्रपिंडाचे आजार. बुलीत सांधे, श्वास आणि अडलेली बाळंतपणं. त्वचेची अ‍ॅलर्जी सगळ्यांना, त्यात चारही घरं सारखीच श्रीमंत.

कान कापायचे का?

नाही. दिसण्यासाठी अवयव कापणं याला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा क्रूरताच म्हणतो. आणि स्टॅफीचे कान तर कधीच कापत नाहीत.

टेकडीवर सोडू का? आणि भांडण लागलं तर?

पाच-सात मीटरची लांब दोरी लावा, मोकळा सोडू नका. तळजाईवर भटके कुत्रे आहेत, मोर आहेत, सकाळी योगा करणारी माणसं आहेत.

भांडण लागलंच तर मधे हात घालू नका, मारूही नका. मारल्याने पकड आणखी घट्ट होते. दोन माणसांनी दोघांचे मागचे पाय उचलून मागे न्यायचे. पण एकाने दुसऱ्याला धरलं असेल तर ओढू नका, मांस फाटतं. पट्टा धरून स्थिर ठेवा, पकड बदलायला तोंड उघडतो तो क्षण पकडा. पकड सोडवायला पाचरीसारखी 'ब्रेक स्टिक' वापरतात, ती मात्र कोणा जाणत्याकडून शिकूनच.

माणसाला चावा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरची काही नको. मग लगेच ससूनला किंवा जवळच्या रुग्णालयात. कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना ठरवू द्या.

मुळशीला फार्महाऊस आहे, राखणीला यातला कुठला ठेवू?

यातला कुठलाच नाही. तुम्ही शनिवार-रविवारच जाणार असाल तर दुसऱ्या जातीचाही नाही. आठवड्यातले पाच दिवस साखळीला बांधलेला पिटबुल हा मला माहीत असलेला सगळ्यात धोकादायक पिटबुल आहे.

घेतला, पण आता सांभाळता येत नाही. कुठे देऊ?

मार्च २०२४ च्या त्या बातम्यांनंतर खडकवासल्याच्या वाटेवर, पट्टा गळ्यात असलेले असे कुत्रे सोडून दिलेले मी पाहिलेत. तसं करू नका. फुकट जाहिरातही टाकू नका, झुंजीवाले त्याच बघत असतात; झुंज लावणं गुन्हा असला तरी ती थांबलेली नाही. आधी नसबंदी करून घ्या, म्हणजे पैदास करणाऱ्याचा रस संपतो. मग ओळखीच्या पशुवैद्याला सांगा, नव्या घरी स्वतः जाऊन बघा, घरातल्या प्रत्येक माणसाला आणि आधीच्या कुत्र्याला भेटवा, पंधरा दिवस चाचणीवर ठेवा. कोणाला कधी गुरगुरला असेल तर ते लपवू नका. लशीची फाईल, जेवणाच्या वेळा, कशाला घाबरतो आणि घरात त्याला कुठल्या नावाने हाक मारता, सगळं एका कागदावर लिहून द्या. त्याची जुनी चादर बरोबर पाठवा, न धुता.